सातविणीच्या सालीने मलेरियाचा परजीवी मरतो का, हे तपासायचं कसं?

प्रश्न: मी कुडाळजवळच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमच्या गावातले वैदू थंडीतापावर सातविणीच्या सालीचा आणि किराइताचा काढा देतात. लोकांना गुण येतो. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना घेऊन या वनस्पतींची मलेरियाच्या परजीवीवर चाचणी करायची इच्छा आहे. परजीवी वाढवायची सोय आमच्याकडे नाही. सुरुवात कुठून करावी? काढा घेतलेल्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या तर त्या पुरावा म्हणून चालतील का?

उत्तर:

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय, ‘लोकांना गुण येतो’. आखणीची सुरुवात तिथूनच करा. गुण नेमका कशाला आला हे ठरल्याशिवाय कोणती चाचणी करायची तेच ठरत नाही. ताप उतरला, अंगदुखी थांबली, भूक लागली, रक्तातले परजीवी संपले, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वैदूंना पहिल्या तीन दिसतात. चौथी दिसायला रक्ताची काच आणि सूक्ष्मदर्शक लागतो.

आपल्याकडे पावसाळ्यात येणारा प्रत्येक थंडीताप मलेरियाचा नसतो, हे तुम्ही जाणताच. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो येतो, डेंग्यू असतो, स्क्रब टायफस असतो. उन्हाळ्याच्या तोंडाला दोडामार्गाकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. साधे विषाणूजन्य ताप तर चार-पाच दिवसांत आपोआप जातात, काढा घेतला तरी आणि न घेतला तरी. शिवाय खऱ्या मलेरियातही ताप सलग राहत नाही. व्हायवॅक्स जातीच्या मलेरियात हिव भरतं, ताप चढतो, दरदरून घाम फुटतो आणि ताप उतरतो, मग एक दिवसाआड पुन्हा तेच. त्या दोन पाळ्यांच्या मधे जो काढा पोटात जातो त्याला श्रेय मिळतं. वैदू खोटं बोलतात असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांनी जे पाहिलं ते खरंच आहे. फक्त त्यातून परजीवी मेला की नाही हे कळत नाही.

सातविणीचंच पाहा. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे कारीट फोडून तिच्या सालीचा कडू रस घ्यायची रीत काही घरांत आजही आहे, इतकी ती अंगवळणी पडलेली. तापावर तिची ख्याती देशभर आहे. पण १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्या सालीचे अर्क मलेरिया झालेल्या उंदरांना दिले तेव्हा परजीवी काही हटले नाहीत. मिथेनॉलमधल्या अर्काने उंदरांची प्रकृती मात्र मात्रेच्या प्रमाणात सुधारली आणि ते उशिरा मेले. हा निकाल मला फार बोलका वाटतो. सालीत काहीतरी आहे, ते आजाऱ्याला आधार देतं, पण परजीवीवर थेट घाव घालत नाही, असं त्यातून सुचतं. सातविणीतलं मुख्य अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू द्रव्य), एकिटामिन, काचपात्रात, म्हणजे शरीराबाहेर, परजीवीवर फारसं चालत नाही, हेही नंतर दिसलं.

माणसांवरचा पुरावाही आहे. आयुष-६४ ही गोळी मलेरियासाठी बनवली गेली. त्यात सातविणीची साल, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोट्याचं बी असतं. म्हणजे चारांतल्या दोन वस्तू आपल्या गावाच्या आसपासच मिळणाऱ्या. व्हायवॅक्सच्या रुग्णांमध्ये तिची क्लोरोक्विन या मलेरियाच्या नेहमीच्या औषधाशी तुलना केली गेली आणि २००० साली निकाल छापून आले. २८ दिवसांनी क्लोरोक्विनच्या गटातले सगळे रुग्ण बरे होते, आयुष-६४ च्या गटात ४८.९ टक्के. निम्मे बरे झाले हे खरं, पण मलेरियात निम्मे चालत नाहीत. उरलेल्या निम्म्यांच्या रक्तात परजीवी फिरत राहतो, आणि त्यांना चावलेला डास तो पुढच्या घरात नेतो.

हे सगळं तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही. क्विनीन सिंकोनाच्या सालीतून १८२० साली वेगळं केलं गेलं, आर्टेमिसिनिन चीनमधल्या एका दवण्याच्या जातभाईतून १९७० च्या दशकात मिळालं. मलेरियावरची दोन सर्वांत मोठी औषधं लोकांच्या वापरातल्या झाडांतूनच आली आहेत. पण दोन्ही वेळा झाडाचं नाव पुरेसं नव्हतं. कोणता भाग, कधी काढलेला, कसा तयार केलेला, यावर सगळं अवलंबून होतं.

आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांची गोष्ट तुमच्या विद्यार्थ्यांना नीट सांगा. त्यांच्या गटाला त्या वनस्पतीचे अर्क कधी चालायचे, कधी नाही. मग त्यांनी चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याची कृती पुन्हा वाचली. मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या, असं त्यात होतं. उकळा असं कुठेच नव्हतं. उष्णतेने औषध नासत असावं हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणारं ईथर वापरून अर्क काढला, आणि १९७१ च्या ऑक्टोबरात त्यातल्या एका नमुन्याने उंदरांतले सगळे परजीवी मारले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे याला समांतर ज्ञान तयार आहे. स्वरस (ताजा रस), कल्क (वाटण), क्वाथ (काढा), हिम (थंड पाण्यात भिजवून), फांट (गरम पाण्यात भिजवून) हे पाच प्रकार आयुर्वेदात वेगळे मानलेत ते उगाच नव्हे. शार्ङ्गधर संहितेतला काढा म्हणजे एक भाग द्रव्य, सोळा भाग पाणी आणि आटवून आठवा हिस्सा. तुमचे वैदू काय करतात? साल ओली घेतात की वाळवलेली? ठेचतात की तुकडे टाकतात? किती वेळ उकळतात, मातीच्या भांड्यात की अल्युमिनियमच्या टोपात? झाकण असतं का? मिरी, सुंठ, गूळ घालतात? उपाशीपोटी देतात का, किती दिवस देतात? हे सगळं त्यांच्या शेजारी बसून, वजनकाटा आणि थर्मामीटर लावून लिहून घ्या. बहुतेक प्रबंधांत याऐवजी ‘वनस्पती वाळवून मिथेनॉलमध्ये सॉक्सलेट केली’, म्हणजे तापवलेल्या मिथेनॉलने अर्क काढला, असं एक वाक्य असतं. तिथे वैदूंच्या औषधाची चाचणी झालेलीच नसते. झालेली असते ती मिथेनॉलच्या अर्काची, जो कोणी कधी प्यायलेलं नाही. मिथेनॉलचा अर्क जरूर करा, नवे रेणू शोधायला तो हवाच. पण वैदूंचा काढा जसाच्या तसा, शिवाय थंड पाण्यातला हिम आणि ताजा स्वरस, हे तीन तरी त्याच्या जोडीला ठेवा.

भागाचं महत्त्व किराइतात दिसतं. आपल्या परसात उगवतं ते पालेकिराईत. लोक त्याचा पाला किंवा अख्खं झाड उकळतात. पण दिल्लीच्या मलेरिया संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना २००४ मध्ये त्यातून परजीवीवर चालणारं जे झँथोन वर्गातलं द्रव्य मिळालं ते मुळांतून. काचपात्रात मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅमला त्याने निम्मी वाढ थांबवली आणि उंदरांत परजीवींचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणलं. तुम्ही फक्त पाला तपासला असता तर हे हाती लागलं नसतं. आणि बाजारातून ‘चिराईत’ मागवलंत तर वेगळंच काही हातात पडेल. काडेचिराईत हिमालयातलं, आपलं पालेकिराईत वेगळ्या कुळातलं. दोन्ही जहर कडू, त्यामुळे चवीवरून काही कळत नाही.

त्याहून मोठा घोळ कुड्याचा होतो. तुमच्या यादीत कुडा नाही, पण तो घ्याच असा माझा आग्रह आहे. कोकणात पहिल्या पावसानंतर त्याच्या शेंगांची भाजी होते, साल अतिसारावर देतात, आणि त्यातल्या कोनेसिन या अल्कलॉइडची परजीवीवरची मारकता चांगली नोंदलेली आहे. अडचण अशी की पांढरा कुडा आणि काळा कुडा या दोन निराळ्या वनस्पती असून काष्ठौषधीच्या दुकानात त्यांच्या साली सर्रास एकमेकींत मिसळतात. कोनेसिन हवं तर पांढरा. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात, काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं जुळलेली असतात, आणि त्याचा पाला चुरगाळून ठेवला तर निळसर होतो. विद्यार्थ्यांना झाडाखाली नेऊन हे दाखवा, फोटोवरून नको. दुकानातली साल या कामासाठी घेऊच नका.

प्रत्येक झाडाचा फुलोऱ्यासकट नमुना दाबून वाळवा आणि त्याला वनस्पतिसंग्रहालयाकडून (हर्बेरियम) क्रमांक घ्या. मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र आणि आघारकर संस्था आहे. सातवीण पावसाळा सरल्यावर फुलते, तेव्हा संध्याकाळी वासावरूनच झाड सापडेल. साल आधी काढली असेल तर झाडाला खूण करून ठेवा आणि फुलोरा आल्यावर त्याच झाडाचा नमुना घ्या. साल बुंध्याभोवती गोल सोलू नका, झाड मरतं. जाड फांदीवरून उभ्या पट्टीने हातभर घेतली तर पुरते. चिरल्याबरोबर पांढरा चीक वाहतो. तो निथळू द्यायचा की सालीबरोबर राखायचा, हे वैदू करतात तसं करा आणि नोंदवा.

वाळवणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कोकणात निम्मी कामं इथेच बिघडतात. श्रावणात साल सावलीत पसरली की तिसऱ्या दिवशी तिच्यावर बुरशी धरते. कधी ती डोळ्यांना दिसतही नाही, फक्त कुबट वास येतो. बुरशीची विषं अर्कात उतरतात आणि पेशींना मारतात. मग अहवालात ‘सातविणीचा अर्क परजीवीवर प्रभावी’ असं छापून येतं. ओव्हन ४० अंशांवर ठेवून, साल पातळ चिरून, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. त्याहून तापवू नका. ओव्हन नसेल तर पावसाळा संपेपर्यंत थांबा, घाईने गोळा केलेला माल नंतर टाकूनच द्यावा लागतो.

आता काचपात्रातली चाचणी. मलेरियाचा परजीवी साध्या माध्यमात वाढत नाही, त्याला माणसाच्या जिवंत लाल पेशी लागतात. ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये फाल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत घातक जातीला प्रयोगशाळेत सतत वाढवून दाखवलं, तोवर ही चाचणी शक्यच नव्हती. आजही पद्धत मुळात तीच आहे: आरपीएमआय १६४० हे माध्यम, धुतलेल्या लाल पेशी, ३७ अंश तापमान, कमी प्राणवायू आणि थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड. रोज माध्यम बदलायचं, रोज काच रंगवून पाहायची. सणवार नाही, रविवार नाही. त्यामुळे महाविद्यालयात हे उभं करण्याचा विचार सोडा. पैशापेक्षा रोजच्या हातांचा प्रश्न मोठा आहे, आणि जिवंत फाल्सिपेरम हाताळायला जैवसुरक्षेची व्यवस्था व मंजुरीही लागते. ज्यांच्याकडे ती चालू आहे अशा संस्थेशी जोडून घ्या. राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेचं क्षेत्रीय केंद्र गोव्यात आहे, तुम्हाला जवळचं.

एक मर्यादा आधीच समजून घ्या. मुंबई-कोकण पट्ट्यात व्हायवॅक्स बराच असतो, पण व्हायवॅक्स असा सतत वाढवता येत नाही, त्याला अगदी कोवळ्या लाल पेशी लागतात. शिवाय तो यकृतात निद्रिस्त राहून महिन्यांनी पुन्हा उठतो. म्हणजे तुमची चाचणी फाल्सिपेरमच्या रक्तातल्या अवस्थेवर होणार. तुमचे वैदू ज्या तापाला काढा देतात तो बहुधा व्हायवॅक्सचा असेल, तर निष्कर्षात हे स्पष्ट लिहावं लागेल.

चाचणी अशी चालते. सॉर्बिटॉल लावून सगळे परजीवी कोवळ्या, अंगठीच्या अवस्थेत आणतात. मग ९६ खळग्यांच्या पात्रात अर्क निम्म्या-निम्म्याने पातळ करत नेऊन घालतात. फाल्सिपेरमचं रक्तातलं एक चक्र ४८ तासांचं, त्यामुळे साधारण ७२ तास ठेवतात. शेवटी सायबर ग्रीन हा रंग घालून डीएनए मोजतात. माणसाच्या लाल पेशीत केंद्रक नसतं, म्हणून जो डीएनए दिसेल तो परजीवीचा, असं त्यामागचं तत्त्व. सोबत क्लोरोक्विन किंवा आर्टेमिसिनिनचा खळगा हवा, फक्त द्रावकाचा हवा आणि परजीवी नसलेल्या रक्ताचा हवा. डीएमएसओ हे अर्क विरघळवणारं द्रावक अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं तर तेच परजीवीला त्रास देतं.

वनस्पतींच्या अर्कात इथे एक खास धोका असतो. हरितद्रव्य आणि इतर रंगद्रव्यं स्वतःच चमकतात किंवा चमक गिळतात. किराइताचा हिरवागार अर्क सायबर ग्रीनचा आकडा वाटेल तसा फिरवू शकतो. म्हणून नुसत्या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका, ज्या प्रयोगशाळेकडे अर्क द्याल तिला निवडक खळग्यांच्या गिम्सा रंग लावलेल्या काचा मागा आणि त्या विद्यार्थ्यांना स्वतः पाहू द्या. शंभराच्या ऑइल लेन्सखाली, चाळीसएक तासांनी, औषध न लावलेल्या खळग्यात परजीवी पेशीभर पसरलेला असतो. मधोमध पिंगट-काळं रंगद्रव्य साचलेलं, भोवती जांभळ्या केंद्रकांचा घोस, प्रत्येक केंद्रक सुटं मोजता येईल इतकं रेखीव. ज्या खळग्यात औषध खरंच चाललं तिथे याच्या जागी आकसलेला, गडद निळा, आकार हरवलेला ठिपका दिसतो, आणि भोवतीची लाल पेशी मात्र गोल, निरोगी. या दुसऱ्या गोष्टीकडे विद्यार्थ्यांचं लक्ष वळवा, कारण पुष्कळ फसवे निकाल तिथेच पकडले जातात. लाल पेशी काटेरी झालेल्या, एका बाजूने आत दबलेल्या किंवा फुटून विरलेल्या दिसल्या, तर अर्काने परजीवीचं घर पाडलंय. सॅपोनिनवाल्या, म्हणजे साबणासारखा फेस आणणाऱ्या, वनस्पती पेशी सरळ फोडतात. ल्यूपिऑल हा अनेक सालींत सापडणारा पदार्थ लाल पेशीच्या आवरणात घुसून तिचा आकार बदलतो आणि त्यामुळे परजीवी आत वाढू शकत नाही, हे दाखवून दिलं गेलेलं आहे. आकडा सुंदर येतो, औषध मात्र हाती लागत नाही. टॅनिन या तुरट द्रव्यानेही असंच होतं. साली आणि हिरडा-बेहड्यासारखी फळं तपासताना टॅनिन काढून टाकलेला अर्क वेगळा चालवून बघा.

निम्मी वाढ थांबवणारं प्रमाण म्हणजे आयसी-५०. कच्च्या अर्काला मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या खाली आकडा आला तर पुढे जाण्यात अर्थ आहे, ५ च्या खाली आला तर चांगलाच. ५० च्या वर असेल तर तो अर्क बाजूला ठेवा. ‘मध्यम प्रभावी’ अशा मथळ्याखाली तो छापायचा मोह होतो, पण त्याने पुढच्या संशोधकाची दिशाभूल होते. तुलनेसाठी सांगतो, संवेदनशील परजीवीवर क्लोरोक्विन मिलिलिटरला काही नॅनोग्रॅमला काम करतं, म्हणजे हजारपट कमी प्रमाणात. अर्थात अर्कात खरं द्रव्य अर्धा टक्काही असू शकतं, म्हणून कच्च्या अर्काला थोडी सवलत देतात.

याच्या जोडीला माणसाच्या किंवा माकडाच्या पेशींवर विषारीपणा मोजायचाच, त्याशिवाय आयसी-५० ला काही किंमत नाही. निम्म्या पेशी मारणारं प्रमाण भागिले निम्मे परजीवी थांबवणारं प्रमाण, हा निवडकतेचा अंक. तो निदान १० च्या वर हवा. कोनेसिनचे आकडे घ्या. परजीवीवर ते मिलिलिटरला दोन मायक्रोग्रॅमच्या आतच चालतं, पण १४ मायक्रोग्रॅमला सस्तन प्राण्याच्या निम्म्या पेशीही मरतात. परजीवीवरच्या चाचणीच्या पद्धतीप्रमाणे गुणोत्तर ७ ते ११ च्या दरम्यान येतं. उंदरांत किलोमागे १० मिलिग्रॅमने परजीवी जवळपास नव्वद टक्के घटले तरी हे अंतर अपुरं आहे. सुरुवातीचा रेणू म्हणून तो मोलाचा, औषध म्हणून अजून दूर.

उंदरांची चाचणी तुम्ही लगेच करणार नाही, पण विद्यार्थ्यांना माहीत असावी. बर्घाई ही उंदीरवर्गीय प्राण्यांची मलेरिया जात टोचून चार दिवस अर्क देतात आणि मग रक्तातले परजीवी मोजतात. त्यासाठी प्राणी नैतिक समितीची मंजुरी लागते. काचपात्रातला विजय इथे अनेकदा ओसरतो. कडुनिंबातलं गेड्युनिन हे त्याचं ठळक उदाहरण: काचपात्रात जोरदार, उंदरात फिकं, कारण पोटातून रक्तात पुरेसं पोचतच नाही. उलटही घडू शकतं. शरीरात बदल होऊन मग काम करणारी द्रव्यं काचपात्रात मुकी राहतात, आणि सातविणीसारखी साल ताप-सूज कमी करून आधार देत असेल तर परजीवीच्या चाचणीत ते कधीच दिसणार नाही. त्यासाठी ज्वरशामक चाचणी वेगळी असते. वैदूंच्या दाव्याला न्याय द्यायचा तर दोन्ही हव्यात.

आता रुग्णांच्या नोंदींचा प्रश्न. इथे माझं मत ठाम आहे. काढ्याचा परिणाम पाहायचा म्हणून कोणाही तापाच्या रुग्णाला तपासणीविना किंवा मलेरियाच्या औषधाविना ठेवू नका, एक दिवससुद्धा. फाल्सिपेरममध्ये २४ तासांत रुग्ण गंभीर होऊ शकतो, आणि पहिल्या दिवशी तो व्हायवॅक्सच्या रुग्णासारखाच दिसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी फुकट होते, औषध फुकट मिळतं. व्हायवॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि यकृतातल्या निद्रिस्त परजीवीसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन, फाल्सिपेरमला आर्टेमिसिनिनवर आधारित जोडऔषध. तुमचे वैदू समंजस असतील, आणि ते तसे असणारच, तर त्यांना विनंती करा की थंडीताप घेऊन आलेल्या माणसाला आधी रक्त तपासायला पाठवावं. कोणी आशाताईंना बोलावून काच घेतली तरी चालेल. काढा देण्याला कोणी नको म्हटलेलं नाही, औषधासोबत घेतला असेल तर मात्र तो डॉक्टरांना सांगायला हवा.

अशा नोंदींचा पुरावा म्हणून उपयोग होत नाही, कारण त्यात मलेरिया होता की नव्हता हे ठाऊक नसतं, तुलनेचा गट नसतो आणि औषधही बहुधा घेतलेलं असतं. पण त्यातून एक अंदाज मिळतो: ज्यांना वैदूंनी ‘हिवताप’ म्हणून काढा दिला त्यांच्यातल्या किती जणांच्या काचेत खरंच परजीवी सापडला. हे तुम्ही आरोग्य केंद्राच्या संमतीने, नैतिक समितीच्या मंजुरीने आणि नावं न लिहिता जमवू शकता. माझ्या मते तुमच्या सगळ्या कामात याच तक्त्याला सर्वांत जास्त मोल येईल, आणि आपल्या भागातून असं काम मी तरी पाहिलेलं नाही. माणसांवर औषध म्हणून प्रयोग करायचा तर त्याला डॉक्टर, नैतिक समिती आणि नोंदणी हवी. मुंबईत पारिजातकाच्या पानांवर मलेरियाच्या रुग्णांमध्ये असं काम झालेलं आहे. ते रुग्णालयात झालं, गावात नव्हे.

वैदूंच्या हक्काचं आधी बोला, अर्क काढल्यावर नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिला लेखी कळवा, वैदूंची संमती मराठीत, त्यांना वाचून दाखवून घ्या, आणि शोधनिबंधात त्यांचं नाव हवं की नको हे त्यांनाच विचारा. अर्क परदेशी प्रयोगशाळेला पाठवायचा किंवा पेटंटचा विचार असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. केरळात काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपाचा या वनस्पतीपासून औषध बनलं तेव्हा ते बनवणाऱ्या संशोधन संस्थेने परवाना शुल्काचा आणि स्वामित्वधनाचा निम्मा वाटा त्यांच्यासाठी ठेवला होता. त्याच्या वाटपावरून पुढे वाद झाले, तरी सुरुवात तशी झाली हे महत्त्वाचं.

तुमच्या महाविद्यालयातच होण्यासारखं काम पुष्कळ आहे. झाडांची ओळख आणि नमुने, ऋतूप्रमाणे गोळा केलेली साल, काढा-हिम-स्वरस यांचे अर्क, त्यांचे टीएलसी पट (पातळ थरावर अर्कातली द्रव्यं वेगळी करून दाखवणारे), लाल पेशी फुटतात का याची चाचणी. ही शेवटची चाचणी साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते, आणि पुढच्या प्रयोगशाळेचे महिने वाचवते. बीटा-हिमॅटिन चाचणीही करून पाहा. परजीवी हिमोग्लोबिन खातो, उरलेलं विषारी हीम स्फटिकात बांधून टाकतो, आणि क्लोरोक्विन नेमकं तिथे अडथळा आणतं. हीच क्रिया परीक्षानळीत हिमिन आणि आम्लधर्मी अॅसिटेटच्या द्रावणात घडवता येते, परजीवी लागत नाही. तिच्यात अर्क पास झाला तर एक मार्ग सुचतो. नापास झाला तर इतर मार्ग उरतातच, आर्टेमिसिनिनची गोष्ट निराळी आहे.

यादी बनवताना शेवटची एक गोष्ट करा, जी बहुतेक जण करत नाहीत. वैदूंच्या वनस्पतींइतक्याच, तापावर कोणीच वापरत नाही अशा वनस्पती त्याच परिसरातून, त्याच पद्धतीने वाळवून घ्या. सर्व अर्कांना फक्त सांकेतिक क्रमांक द्या, एकदोन अर्क दोन वेगळ्या क्रमांकांनी दोनदा घाला आणि उकल तुमच्याजवळ बंद लिफाफ्यात ठेवा. तपासणाऱ्याला कोणता वैदूंचा आणि कोणता आडरानातला हे कळता कामा नये. प्रत्येक अर्क कोरडा करून शंभर मिलिग्रॅम पाठवला तर पहिल्या फेरीला पुरतो, तेवढाच उणे २० अंशांवर तुमच्याकडे राखून ठेवा. यंदाचा पावसाळा वैदूंच्या शेजारी बसून टिपणं घेण्यात घालवा आणि साल दिवाळीनंतर काढा.